पोर्शेत पाणी शिरलं तेव्हा

उद्यमनगरात लेथवर उभं राहणाऱ्यानं पोर्शे ९११ या स्पोर्ट्स कारवर बोलावं का? का नाही, भावा!

१९९७ ला ९११ ची नवी पिढी, ९९६, आली आणि मालकांत दोन तट पडले. १९६३ पासूनचं हवेनं थंड होणारं इंजिन गेलं, पाण्याचं आलं. वर पुढचे दिवे पोर्शेच्याच स्वस्तातल्या बॉक्स्टर गाडीचे. काहींना प्रशस्त केबिन आवडली, बाकीच्यांना ती ९११ वाटेचना. आमचे दाजी दुसऱ्या तटातले (गाडी यूट्यूबवर पाहिलेली): "तांबड्या रश्श्यात पाणी वाढवलं की गेली चव!"

मला पटत नाही. प्रत्येक सिलिंडरला चार व्हाल्व्ह द्यायचे तर सिलिंडरच्या डोक्यावरच्या हेडमधली उष्णता नुसत्या हवेनं कशी निघणार? शिवाय आवाज-धुराचे नियम कडक होत चाललेले. जुन्या सिलिंडरच्या त्या हवा लागून थंड होणाऱ्या पातळ पातळ पाकळ्या मात्र देखण्या, ओतकाम करणारा बघतच राहील.

दिव्यांबद्दल दाजी बरोबर. तव्यावर पिवळा बलक फुटून पसरल्यागत दिसतात. २००४ च्या पुढच्या पिढीला, ९९७ ला, कंपनीनं पुन्हा गोल दिवे दिलेच.

आता हवेवाल्या जुन्या गाड्यांचे भाव आभाळाला, ९९६ त्या मानानं स्वस्त. लॉटरी लागली तर मी तीच घेणार. दाजी शेजारी बसणार नाहीत म्हणे.