कडं कितीचं बसवलं होतं?

मे महिन्यात दुपारी एकनंतर सोलापुरात कोणी बाहेर पडत नाही, ओपीडी ओस पडते. त्या दिवशी मात्र विजापूर वेशीकडून आलेली एक रिक्षा थेट दारात थांबली. आजी पुढे, कुशीत ओढणीत गुंडाळलेलं बाळ. मागून भिंतीला धरत त्याची आई, बाळंत होऊन महिनाही झाला नव्हता तिला.

"मॅडम, रात्रीपासून लघवीच नाही केली ओ यानं. रडून रडून आवाज बसला बगा."

दुपटं सोडलं. पाच दिवसांपूर्वी गावाकडच्या एका शिबिरात सुंता झालेली, प्लास्टिकचं कडं लावून. वर हळद-तुपाचा जाड थर. तो सलाइनने हळूहळू भिजवून काढला आणि पोटात धस्स झालं. कडं मुंडाच्या, म्हणजे शिश्नाच्या टोकाच्या, मागे सरकून रुतलं होतं. पुढचा सगळा भाग सुजून जांभळा पडलेला. ओटीपोटावर हात ठेवला तर मूत्राशय लिंबाएवढं टणक लागलं.

ही कड्याची पद्धत मी स्वतः वापरते. कडं कातडी आणि मुंड यांच्यामध्ये बसवायचं, वरून दोरा आवळायचा. रक्तपुरवठा तुटलेली कातडी वाळते आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत कड्यासकट गळून पडते. टाके नाहीत, रक्तही फारसं नाही. पण कडं वेगवेगळ्या मापांत येतं, 1.1 सेंटिमीटरपासून 1.7 पर्यंत. मोठं बसवलं तर मुंडावरून मागे घसरतं, आणि बोट सुजल्यावर अंगठी अडकावी तसं अडकतं. मग सूज वाढेल तसं ते आणखी आवळत जातं.

बाळाचं वजन 3 किलो. बधिर करायचं लिग्नोकेन मोजून घेतलं, ॲड्रेनलिन नसलेलं; इथे ॲड्रेनलिन रक्तवाहिन्या आकसून टाकतं, ते चालत नाही. सिस्टरने बाळाच्या जिभेवर साखरेच्या पाण्याचे दोन थेंब सोडले. बधिर झाल्यावर कडं आणि सुजलेली कातडी यांच्यामध्ये मॉस्किटो फोर्सेपचं, म्हणजे बारीक चिमट्याचं, टोक सरकवायला लागले. जागाच नव्हती. ओल्या गॉजने सूज दाबून धरायची, केसभर पुढे जायचं, पुन्हा दाबायची. फटीत बोन कटरचं पातं बसलं आणि 'टक' असा आवाज झाला. दुसऱ्या बाजूने पुन्हा एकदा. कड्याचे दोन तुकडे ट्रेमध्ये पडले. मी गॉज उचलते न उचलते तोच लघवीची धार थेट माझ्या बाहीवर. आजींनी डोळ्यांना पदर लावला. जांभळ्या टोकावर गुलाबी रंग चढेपर्यंत मी तिथून हलले नाही.

तुकडे जोडून मापले. 1.5. या बाळाला 1.2 पुरलं असतं. शिबिरात एकाच मापाची कडी होती की कोणी मापच घेतलं नाही, हे मला कळायला मार्ग नाही. पण आईला विचारलं, "काय झालं तर परत यायचं, हे सांगितलं होतं का?" तिने मान हलवली. "कडं आपोआप पडतंय, एवढंच म्हणाले."

राग आला तो याचा. तान्ह्या बाळाची सुंता ही धोक्याची शस्त्रक्रिया नव्हे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात तान्ह्या मुलांचे 16 अभ्यास पाहिले होते. गुंतागुंतीचं मध्यक प्रमाण दीड टक्का निघालं, मोठ्या मुलांत 6. पण तान्ह्यांच्याच आकड्यांत कुठे शून्य, तर कुठे 16 टक्के! एवढी तफावत पाहिली की मला आधी करणाऱ्याचे हात आठवतात, हत्यार नंतर. नवजात बाळाच्या अंगात सगळं मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त. म्हणून कातडीला हात लावण्याआधी मी आईला विचारते, "तुझ्या भावाला, मामाला दात काढल्यावर रक्त थांबत नव्हतं, असं काही?" हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, बहुतेक वेळा आईकडून येतो. लघवीचं छिद्र जागेवर आहे ना, तेही बघते. ते खालच्या बाजूला असेल तर सुंता थांबवायची, कारण दुरुस्तीला तीच कातडी लागते. या सगळ्याला पाच मिनिटं पुरतात. शिबिरात रांग लागलेली असते, ही पाच मिनिटं तिथेच कापली जातात.

आठव्या दिवशी बाळ पुन्हा आलं. सूज उतरलेली, जखम कोरडी, धार सरळ. आजींनी पिशवीतून खजूर काढून सिस्टरच्या हातात ठेवले. जाता जाता दारात थांबल्या.

"मॅडम, धाकट्या सुनेला सातवा चाललाय. मुलगा झाला तर त्याला कितीचं कडं लागंल?"

"जन्मल्यावर घेऊन या, आजी. मापून सांगते."