तुम्ही विचारलंत म्हणून: शत्रूचा सेनापती टिपून मारावा का?

परदेशात कुठे एखादा जनरल क्षेपणास्त्रानं मारला गेल्याची बातमी आली, की तलावपाळीवर फिरताना कुणीतरी मला गाठतंच. "सर, तुम्ही एवढी वर्षं इतिहास शिकवलात. हे असं निवडून मारणं बरोबर का?" विचारणाऱ्याला बहुधा 'हो' ऐकायचं असतं. मी 'हो' म्हणतोही, पण माझं उत्तर तिथे संपत नाही.

युद्ध चालू असेल तर सेनापती हाही सैनिकच. शिपाई मेले तर चालतात, त्यांना पाठवणाऱ्याला मात्र अभय, हा कुठला न्याय? युद्ध कसं लढावं हे ठरवणाऱ्या 1907 च्या हेग नियमांनीही विश्वासघातानं मारायला बंदी केली, हुद्दा पाहून कुणाला सूट दिली नाही. 18 एप्रिल 1943 ला अमेरिकेनं जपानी आरमाराचा सेनापती ॲडमिरल यामामोटोचं विमान पाडलं. जपानी संदेश फोडून त्याचा दौरा आधीच कळला होता आणि गडी वेळेचा पक्का! त्यात मला काही गैर दिसत नाही. पण जपाननं दुसरा ॲडमिरल नेमला आणि युद्ध आणखी दोन वर्षं चाललं. एखादी गोष्ट न्याय्य असली म्हणजे तिनं काम होतंच असं नाही.

काम कसं होतं ते प्रतापगडावर कळतं. मुलांना गडावर नेलं की ती अफजलखानाच्या कोथळ्यापाशी थांबतात. पहिला वार कुणी केला यावरच तासभर वाद. मी त्यांना खाली जावळीचं खोरं दाखवतो. 10 नोव्हेंबर 1659 ला भेट झाली तेव्हा त्या रानात मावळे दबा धरून बसले होते. इशारत होताच ते खानाच्या छावणीवर तुटून पडले. फौज उधळली आणि 28 नोव्हेंबरला पन्हाळा स्वराज्यात आला. अठरा दिवसांत! खानाला मारणं हा बेतातला एक भाग होता, बेत त्याहून कितीतरी मोठा. पुढे 1663 मध्ये लाल महालात शाहिस्तेखान तर मेलाही नाही, बोटांवर निभावलं, तरी त्याला दख्खन सोडावी लागली.

उलटा दाखलाही आपल्याच घरचा आहे. औरंगजेबानं 1689 मध्ये संभाजीराजांना पकडून, हाल करून मारलं. ते टिपणं नव्हे, क्रौर्य होतं. पण राजा गेला की राज्य कोसळेल हा हिशेब तोच. राजाराम महाराज जिंजीला गेले, मागाहून ताराबाई उभ्या राहिल्या, आणि बादशहा 1707 मध्ये नगरला मेला तरी मराठे लढतच होते.

म्हणून इराणचा जनरल सुलेमानी याचं विचारलंत तर माझं उत्तर 'नाही' असं आहे. 3 जानेवारी 2020 ला बगदादच्या विमानतळाबाहेर ड्रोननं त्याला मारलं तेव्हा अमेरिका आणि इराणमध्ये जाहीर युद्ध नव्हतं, आणि जागा तिसऱ्याच देशाची. माणूस साधुसंत नव्हता, हे मान्य. पण पाचच दिवसांनी, इराणनं अमेरिकी तळांवर क्षेपणास्त्रं सोडली त्याच पहाटे, तेहरानजवळ इराणच्याच सैन्यानं युक्रेनचं प्रवासी विमान चुकून पाडलं. 176 माणसं गेली. त्यांचं रक्त इराणच्या माथी, यात वाद नाही. पण ती रात्र कुणामुळे उगवली, हेही विचारायला हवं.

अडचण होते ती लेबनॉनमधल्या हिजबुल्ला या सशस्त्र संघटनेचा प्रमुख अब्बास मुसावी याच्यापाशी. 1992 मध्ये इस्रायलनं त्याची गाडी उडवली. आत त्याची बायको आणि लहान मुलगाही होता. त्याच्या जागी आलेला नसरल्ला मुसावीपेक्षा भारी निघाला आणि 2024 मध्ये मारला जाईपर्यंत बत्तीस वर्षं टिकला. उपयोगाचं एकवेळ बाजूला ठेवू, पण त्या पोराचं काय? 2006 मध्ये इस्रायलच्याच सुप्रीम कोर्टानं अतिरेक्यांना टिपण्याबद्दल निकाल दिला, तो मला पटतो: असे हल्ले सरसकट कायदेशीर नाहीत आणि सरसकट बेकायदाही नाहीत. माहिती पक्की हवी, अटक जमत असेल तर आधी अटक, निरपराधांची हानी प्रमाणाबाहेर नको, आणि नंतर स्वतंत्र चौकशी.

"लढाईत चौकश्या कोण करत बसतं, सर?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. करा म्हणणारं कोर्ट लढाईत असलेल्या देशाचंच होतं, एवढं मी सांगतो.