हाडं नॉर्मल होती, तरी आईचा पाय मोडला

आई मार्चमध्ये पडली. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी, मोरीच्या उंबऱ्याशी, ओल्या फरशीवर. फार जोरात पण नाही, घसरून बसल्यासारखी झाली बस, आणि उजवा घोटा दोन ठिकाणी मोडला, प्लेट टाकावी लागली. वय 63, वजन 81 किलो, शुगर 14 वर्षांपासून.

आमच्याकडे सगळे आधीपासून म्हणत आले की आईचं हाडपेर मजबूत आहे, हाडं मोडतात ती काटकुळ्या बायांची. मलाही तेच खरं वाटायचं. आणि ते अगदीच चूक नाही, वजन पेलून पेलून हाड घट्ट होतं, आणि कमरेखाली चरबी असली की पडताना खुब्याला गादी मिळते, म्हणून जाड बायांत खुब्याचं फ्रॅक्चर कमी दिसतं. पण घोट्याचं आणि दंडाचं जास्त दिसतं, हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

ऑपरेशननंतर डेक्सा स्कॅन केला, म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्स-रे, तर टी-स्कोर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेतला आकडा, उणे 0.7. उणे 1 च्या वर म्हणजे नॉर्मल, उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. मी तो कागद घेऊन डॉक्टरांना विचारलं, सर हाड नॉर्मल आहे तर मोडलं कसं? ते म्हणाले, "मशीन माल किती भरलाय ते मोजते, माल कसा आहे ते नाही मोजत."

मग त्यांनी समजावलं. हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम नाही, आत कोलॅजनचे धागे असतात, त्यांच्यामुळे हाड थोडं लवतं. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की ती या धाग्यांना चिकटते, धागे कडक होतात. ओली पऱ्हाटी वाकवली तर वाकते, उन्हाळ्यात वाळलेली कटकन मोडते, तसंच. वरून डायबेटिसमध्ये जुनं हाड काढून नवं भरायचं कामही मंदावतं. त्यामुळे टाइप 2 डायबेटिसवाल्यांच्या हाडांची डेन्सिटी, म्हणजे घनता, चांगली दिसते, कधी इतरांपेक्षा जास्तच, आणि फ्रॅक्चरचा धोका मात्र वाढलेला असतो.

पोटाच्या आतल्या चरबीचं तर मला नवलच वाटलं. ती नुसती साठून बसत नाही, सूज वाढवणारी रसायनं सोडत राहते आणि त्यांनी हाड झिजवणाऱ्या पेशींना जोर येतो. हाडाच्या मगजातल्या ज्या मूळ पेशींपासून हाड बांधणाऱ्या पेशी होतात त्यांच्यापासूनच चरबीच्या पेशीही होतात, म्हणजे एकीकडे वळल्या की दुसरीकडे कमी. व्हिटॅमिन डी पण चरबीतच अडकून राहतं, रक्तात कमी दिसतं. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला जातो, तेव्हा उन्हात जाते कोण, सगळे कूलरसमोर.

पण मला सगळ्यात लागली ती दुसरीच गोष्ट. आई म्हणाली, "चप्पल पायातून निघाली ते मले समजलंच नाही वं." शुगरनं तळवे सुन्न झाले होते. दोन वर्षांपासून ती म्हणून राहिली होती की पायाला मुंग्या येतात, आणि आम्ही तेल चोळून देत होतो.

घरी आल्यावर तिनं एकदम एकच वेळ जेवायचं काढलं, वजन कमी करायचं म्हणून. डॉक्टरांनी थांबवलं. नुसतं उपाशी राहून वजन उतरवलं की चरबीसोबत स्नायू आणि हाडही उतरतं, म्हणून प्रोटीन हवं आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवा.

मी स्वतः 57 किलोची, सगळे बारीक म्हणतात. पण डायबेटिसवर संशोधन करणाऱ्या पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा 2004 चा एक फोटो आठवला, लंडनचे डॉ. युडकिन आणि ते शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच 22.3, पण शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. टेप काढून कंबर मोजली. 84 सेंटीमीटर. आपल्या बायांसाठी हद्द 80 ची आहे.

आता सहावा महिना सुरू आहे. संध्याकाळी आई हात न टेकता खुर्चीवरून उठते-बसते, मी समोर बसून मोजते. काल 9 झाले, दहाव्याला गुडघे थरथरले तर तिनं माझा हात धरला, आणि उठली.