हिरवे बोर्ड, पिवळे बोर्ड

इनोव्हेशनचा विषय निघाला की सगळं बोलणं नव्या प्रॉडक्टभोवतीच फिरतं, नवा फोन, नवी गाडी, नवं औषध. ती वस्तू रोज हजारोंनी आणि सारख्या क्वालिटीची बनवायची कशी, हे कोणीतरी नंतर बघून घेईल असं धरूनच चालतात. मला हे मनापासून खटकतं, कारण या विषयावर गेल्या पन्नासएक वर्षांत जो रिसर्च झालाय तो वाचत गेलं की दिसतं, नवं शिकायचं बरंचसं त्या 'नंतर'मध्येच दडलेलं असतं.

उद्योगात इनोव्हेशन कसं बदलत जातं हे सांगणारं ॲबरनॅथी आणि अटरबॅक या अभ्यासकांचं १९७० च्या दशकातलं मॉडेल या विषयातल्या बहुतेकांना माहीत असतं. सुरुवातीला प्रॉडक्ट भराभर बदलतं, प्रत्येक कंपनीचं काहीतरी वेगळंच चाललेलं असतं, मग एक डिझाइन बाजारात पक्कं होतं आणि त्यानंतर सगळा जोर प्रोसेस, म्हणजे ते बनवायची पद्धत, सुधारण्याकडे जातो. अख्ख्या उद्योगाकडे लांबून बघितलं तर हे पटतं. पण त्यातून लोकांनी आधी डिझाइन मग उत्पादन, आधी डोकं मग हात असा अर्थ काढून ठेवलाय, आणि मशीनपाशी उभं राहून केलेला रिसर्च वाचला की तो काही टिकत नाही.

एरिक फॉन हिपेल आणि मार्सी टायर या इनोव्हेशनच्या अभ्यासकांचा १९९५ चा एक पेपर आहे, या विषयातला माझा सगळ्यात आवडता. त्यांनी फॅक्टरीत नव्याने आलेल्या दोन मशीन घेतल्या, सर्किट बोर्ड बनवण्याच्या कामातल्या, आणि प्रत्यक्ष प्रॉडक्शनमध्ये त्यांना आलेल्या २७ अडचणींचा एकेक करून माग काढला, की ही अडचण आधीच का नाही कळली. त्यातली एक गोष्ट सांगतोच. बोर्डवर पार्ट बसवणाऱ्या मशीनला एक कॅमेरा होता, तो बोर्डवरच्या धातूच्या खुणा शोधायचा आणि त्यावरून जागा ठरवायचा. मशीन तयार करणाऱ्यांच्या लॅबमध्ये सगळं व्यवस्थित चाललं, तेसुद्धा त्याच फॅक्टरीने पाठवलेल्या सॅम्पल बोर्डांवर. फॅक्टरीत आल्यावर मात्र कॅमेरा मधूनमधून फसायला लागला. इंजिनिअर तिथे जाऊन बघतात तर काही बोर्ड फिकट पिवळे, आणि पिवळ्यावर त्या खुणा कॅमेऱ्याला नीट दिसतच नव्हत्या. सॅम्पल म्हणून आलेले सगळे बोर्ड हिरवे होते, त्यामुळे लॅबवाल्यांनी नकळत धरून चाललं होतं की बोर्ड म्हणजे हिरवाच.

आता यात चूक कोणाची म्हणायची? फॅक्टरीतल्या लोकांना रंग बदलतो हे माहीत होतं, रोज डोळ्यासमोर होतं, पण डिझायनरला त्याचं काही पडलं असेल असं त्यांच्या मनातच आलं नाही. आणि डिझायनरनी विचारलं नाही, कारण असा काही प्रश्न असू शकतो हेच त्यांना माहीत नव्हतं. दोन्ही बाजूंनी माणसं हुशार, कामाला प्रामाणिक, आणि तरी माहिती मधल्या मधे अडकून राहिली. रिक्वायरमेंटचा फॉर्म अजून चार पानं वाढवला असता तरी त्यात बोर्डाच्या रंगाचा रकाना कोणी घातला असता असं मला वाटत नाही.

फॉन हिपेल अशा माहितीला चिकट म्हणतात, म्हणजे जिथे तयार होते तिथून हलवायला खर्च येतो, वेळ जातो. कधी ती हातात असते, कधी मशीनच्या आवाजात असते, आणि कधी इतकी रोजची असते की ती माहिती आहे हेच कोणाला जाणवत नाही. मग माहिती हलत नसेल तर माणसाने हलायला पाहिजे ना? टायर आणि फॉन हिपेल यांना तेच दिसलं. इंजिनिअर लॅब आणि फॅक्टरी यांच्यात ये-जा करत राहिले, कारण अडचणीची लक्षणं फॅक्टरीत दिसायची आणि त्यांचा अर्थ लावायची साधनं लॅबमध्ये होती. अशा ये-जा करण्याला ऑफिसात कोणी प्रवासखर्च म्हणतं, माझ्या मते तो रिसर्चच आहे.

दुसरं उदाहरण जपानचं, १९५३ मधलं, गेनिची तागुची या इंजिनिअरच्या नावाशी कायमचं जोडलं गेलेलं. इना नावाची टाईल बनवणारी कंपनी. भट्टीत सगळीकडे तापमान सारखं नसायचं, त्यामुळे थप्पीत आत असलेली टाईल एका मापाची आणि बाहेरची दुसऱ्या मापाची व्हायची. सरळ उपाय म्हणजे भट्टी सुधारा, तापमान सगळीकडे सारखं करा, पण त्याला प्रचंड पैसा लागला असता. त्यांनी भट्टीला हातच लावला नाही, मातीच्या मिश्रणातले सात घटक घेऊन पद्धतशीर प्रयोग केले, आणि कळलं काय तर चुनखडीचं प्रमाण १ टक्क्यावरून ५ टक्क्यांवर नेलं की मापातला फरक खूप कमी होतो. तापमान अजूनही कमीजास्तच, पण टाईलला आता त्याने फारसा फरक पडत नाही. याला पुढे रोबस्ट डिझाइन म्हणायला लागले. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की भट्टीचा दोष डिझाइनमध्ये माहिती म्हणून आला, प्रॉडक्शनवाल्यांना दोष द्यायला नाही. आणि हे मिश्रण शोधणं प्रॉडक्ट इनोव्हेशन का प्रोसेस इनोव्हेशन, हे सांगता येत नाही आणि सांगायची गरजही नाही.

बूथरॉइड आणि ड्यूहर्स्ट या इंजिनिअरांची असेंब्लीसाठी, म्हणजे पार्ट सहज जोडता यावेत म्हणून, डिझाइन करायची पद्धत इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतात. प्रत्येक पार्टला तीन प्रश्न विचारायचे, हा बाकीच्यांच्या मानाने हलतो का, याचं मटेरियल वेगळंच असायला हवं का, आणि हा वेगळा नसेल तर जोडणी किंवा खोलणं अडतं का. तिन्हीला नाही आलं तर तो पार्ट शेजारच्यात मिसळता येईल का ते बघायचं. स्क्रू जवळजवळ नेहमी नापास होतात. पद्धत चांगलीच आहे, ड्रॉइंग काढणाऱ्याला जोडणाऱ्याचे हात आठवायला लावते. पण ती डोळे मिटून वापरू नये, कारण चार पार्टचा एक केला की त्याचा मोल्ड, म्हणजे साचा, किचकट होतो, मोल्ड बनायला वेळ लागतो आणि लाँच पुढे जाऊ शकतं. कार्ल अलरिच आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये नेमका हा वेळेचा हिशोब मांडला होता. तो पेपर फारसा कोणी वाचत नाही याचं वाईट वाटतं.

आणि शेवटी टायर आणि वांडा ऑर्लिकोव्स्की यांचा १९९४ चा अभ्यास. नवी टेक्नॉलॉजी बसवली की लोक तिच्यात सतत, हळूहळू सुधारणा करत राहतात असं आपण समजतो, त्यांना तसं दिसलं नाही. सुरुवातीच्या थोड्या काळात भरपूर बदल होतात आणि मग अचानक थांबतात, प्रॉडक्शनचं प्रेशर येतं, मशीनच्या त्रासाची सवय होते, टीम दुसऱ्या कामाला लागते, आणि न सुटलेल्या अडचणी वर्षानुवर्षं तशाच चालतात. म्हणूनच मशीन सुरू झाल्या झाल्या डिझाइनच्या माणसांना पुढच्या प्रोजेक्टवर पळवणं मला इतकं चुकीचं वाटतं, जेव्हा सगळ्यात जास्त शिकता येतं तेव्हाच ती जागेवर नसतात. पण त्याच अभ्यासात पुढे असंही आहे की ही संधी परत येते, नवं मॉडेल लाइनवर आलं, मोठा ब्रेकडाउन झाला, की लोक पुन्हा मशीनकडे नव्याने बघतात. मग त्या ब्रेकडाउनच्या दिवसांत फक्त मेंटेनन्सवाल्यांना का बोलवायचं, ज्याने डिझाइन केलं त्यालाही बोलवा, आणि लाइन परत सुरू करायची घाई करण्याआधी त्याला ऑपरेटरशेजारी एक अख्खी शिफ्ट उभं राहू द्या.