ओव्हरटाइमचा कायदा आणि देणगीचा हिशोब

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातली रोजची मर्यादा ९ तासांवरून १२ करायला मंजुरी दिली आणि ओव्हरटाइमची मर्यादा तिमाहीला ११५ तासांवरून १४४, तेव्हा सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर डबल रेटचाच, म्हणजे जादा तासांच्या दुप्पट पैशांचाच, हिशोब करत बसले. डबल रेट काही नवीन नाही हो, तो १९४८ च्या कारखाने कायद्यापासूनच आहे. आणि म्हणे कामगाराची लेखी संमती लागेल! आमचा मावसभाऊ चाकणला आहे, त्याच्याकडून जॉइनिंगलाच सह्यांचा गठ्ठा करून घेतलेला, त्यात काय काय होतं त्याला आजही माहीत नाही, आता नाही म्हणणार कोण आणि कोणाला?

मला खटकतं ते वेगळंच. हे बदल मागितले कोणी? आपल्याकडे लॉबिंगची नोंद ठेवायचा कायदाच नाही, त्यामुळे कुठली इंडस्ट्री कुठल्या मंत्र्याला कधी भेटली हे तुम्हाआम्हाला कळायचा रस्ता नाही. राजकीय पक्षांच्या देणग्यांचंही तेच, २०१७ ला कंपन्यांवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली, वर निनावी इलेक्टोरल बाँड आणले, शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन्ही रद्द केलं. देणगी दिली म्हणून कायदा बदलला असं मी म्हणत नाहीये, पुरावा नाही माझ्याकडे, पण पुरावा मिळूच नये अशी सोय होती ना इतकी वर्षं.

तामिळनाडूत २०२३ ला असंच १२ तासांचं बिल पास झालं होतं, युनियन आणि मित्रपक्षसुद्धा तुटून पडले आणि तेव्हाचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांना ते मागे घ्यावं लागलं. आपल्याकडे मात्र पेपरात दोन दिवस बातमी, की संपलं.