वारा खेळत नाही अशी जागा

फाइल आली तेव्हा मला आनंदच झाला होता. 64 पानं, शब्दाला दीड रुपया आणि शेवटी पारिभाषिक शब्दांची लांबलचक यादी. ड्रेनेज लाइनवर काम करणाऱ्या कामगारांसाठी सुरक्षा पुस्तिका, इंग्रजीतून मराठीत करायची. मुंबईत लाइन साफ करण्याची कंत्राटं घेणाऱ्या एका कंपनीला ती हवी होती. मूळ मजकूर अमेरिकेतल्या कुठल्याशा पुस्तिकेवरून उचललेला, मधूनमधून आपल्या कायद्यांची ठिगळं लावलेली.

एकवीस वर्षं अनुवाद करतेय. बँकांची माहितीपत्रकं, औषधांच्या खोक्यातल्या घड्या, विम्याच्या अटी, सगळं करून झालंय. पण या यादीनं पहिल्याच संध्याकाळी घाम फोडला. ‘सरचार्ज’ म्हणजे कोशात अधिभार, वीजबिलावर असतो तो. इथे अर्थ असा, की पाइप काठोकाठ भरून पाणी दाबाखाली वाहतंय आणि मॅनहोलमध्ये वर चढतंय. ‘इन्फिल्ट्रेशन’ला कोश घुसखोरी म्हणतो. इथे जमिनीतलं पाणी पाइपच्या सांध्यांतून आत पाझरतंय. ‘ब्लॅक वॉटर’ म्हणजे संडासातलं पाणी. त्याला मी ‘काळं पाणी’ लिहिलं, वाचलं आणि थेट अंदमानात पोचले. ‘स्लज’ही गाळ आणि ‘सिल्ट’ही गाळ. नियम मात्र दोघांना वेगळे, कारण एक मलजलावर प्रक्रिया करताना उरतो आणि दुसरा नाल्याच्या तळाशी बसलेली माती असते.

‘सॅनिटरी सीवर’पाशी तर बराच वेळ अडले. शब्दशः केलं तर ‘आरोग्यदायी गटार’ होतं! मग वाचून कळलं, की अमेरिकेत सुमारे 700 गावा-शहरांत पावसाचं आणि संडासाचं पाणी एकाच पाइपातून जातं. त्यामुळे फक्त मलजल नेणाऱ्या पाइपाला त्यांना वेगळं नाव लागतं. मुंबईत कागदावर तरी दोन्ही जाळी मुळातच निराळी आहेत. पावसाची पर्जन्य जलवाहिनी, मैल्याची मलनिःसारण वाहिनी, आणि महापालिकेची खातीही दोन. तो सॅनिटरी शब्द मी सरळ खोडला.

यादीत ‘पास थ्रू’ आणि ‘इंटरफिअरन्स’ही होते. कारखान्याचं सांडपाणी नगराच्या प्रक्रिया केंद्रात शिरलं आणि जसंच्या तसं पलीकडे निघून केंद्राच्या मर्यादा मोडून गेलं, तर ते पास थ्रू. त्यानं केंद्राचं कामच बिघडवलं, तर ते इंटरफिअरन्स. अमेरिकी नियमांतल्या काटेकोर व्याख्या आहेत या. परळच्या गल्लीत जेटिंगचा, म्हणजे जोराच्या पाण्याचा पाइप धरणाऱ्या माणसाला त्यांचा काय उपयोग, असं मी कंपनीला विचारलं. असू द्या म्हणाले. शब्दाला दीड रुपया असल्यामुळे मी फार ताणलं नाही.

या सगळ्या झटापटीत ‘कन्फाइन्ड स्पेस’ हा शब्द मला अजिबात त्रास न देता सुटला. बंदिस्त जागा. सरकारी कागदांत तेच दिसतं, मीही तेच टाइप केलं, पुस्तिकेत चाळीसेक वेळा.

कंपनीचा सुरक्षा अधिकारी तिशीतला मुलगा होता. छापायच्या आधी त्याचा फोन आला. “मॅडम, एकदा पोरांना वाचून दाखवूया का? तुम्ही स्वतः आलात तर बरं.” इतक्या वर्षांत मला असं कोणी विचारलं नव्हतं.

मे महिन्याचा पहिला आठवडा. डोंबिवलीहून सकाळची लोकल, परळला उतरून चालत. जुन्या चाळींच्या मागच्या गल्लीत रिसायकलर गाडी उभी होती. ही गाडी जोराच्या पाण्यानं लाइनमधला अडथळा फोडते, घाण ओढून घेते आणि त्यातलंच पाणी गाळून पुन्हा वापरते. चेंबरचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं, भोवती लाल-पांढरी पट्टी. नऊ जण फुटपाथच्या कडेला बसले होते. मुकादम जरा मागे, चहावाल्याच्या स्टुलावर. साठीकडे झुकलेला, साताऱ्याकडचा माणूस. सगळे त्यांना मामा म्हणत, मग मीही मामाच म्हणू लागले.

सुरुवात माझ्या फजितीनं झाली. मी ‘गटारात उतरू नये’ असं वाचलं आणि पोरं एकमेकांकडे बघून हसली. “ताई, गटारात तर आमची शाळेतली पोरं उतरतात, चेंडू काढायला,” एक जण म्हणाला. मुंबईत गटार म्हणजे रस्त्याकडेचं, गुडघाभर खोल. माणसं मरतात ती ड्रेनेजमध्ये. मी पेन्सिलीनं नोंद केली. माझ्या घरीही ‘ड्रेनेज तुंबलंय’ असंच म्हणतात, मग कागदावर मला गटार का सुचलं असेल, कोण जाणे. शुद्ध मराठीची हौस, दुसरं काय!

मग ते वाक्य आलं. ‘बंदिस्त जागेत प्रवेश करण्यापूर्वी तेथील हवेची वायुमापकाने तपासणी करावी.’

“ताई,” मागून मामा म्हणाले, “बंदिस्त म्हंजी कुठली जागा?”

“हीच की. मॅनहोल, टाकी, पंपाची विहीर.”

त्यांनी पट्टीपलीकडे पाहिलं. “ही? ही तर उघडीय.”

मला वाटलं थट्टा चाललीय. पण कोणीच हसत नव्हतं.

“बंदिस्त म्हंजी दार लावल्यालं, कडी घातल्याली. आमी झाकण काढतो, घटकाभर थांबतो, मग काय ते बघतो. झाकण काढल्यावर बंदिस्त ऱ्हायलंच कुठं? म्हंजी हे वाक्य आमच्यासाठी न्हाई.”

नऊच्या नऊ माना हलल्या. हे वाक्य त्यांच्यासाठी नव्हतं, आणि पुस्तिकेत दुसऱ्या कोणासाठी काही नव्हतंच.

मूळ इंग्रजी व्याख्या माझ्या पिशवीत होती. माणूस आत शिरून काम करू शकेल एवढी मोठी, पण आतबाहेर करायला अडचणीची आणि सतत वावरण्यासाठी न बांधलेली जागा. त्यात झाकणाचा उल्लेखच नाही. वर आभाळ दिसणारा खड्डासुद्धा त्या व्याख्येत बसतो. मी ती तीनदा वाचली होती, आणि तरी बंदिस्त लिहिलं होतं.

मामांनी मग जे सांगितलं ते कोणाला उद्देशून नव्हतं. बरीच वर्षं झाली त्याला. उपनगरातल्या एका इमारतीची मैल्याची टाकी. ते, त्यांचा मेव्हणा आणि एक पोरगा, खाजगी कामावर गेलेले. टाकीची झाकणं सकाळपासून उघडी, वर आंब्याचं झाड, ऊन थेट आतल्या पाण्यावर पडलेलं. मेव्हणा उतरला तेव्हा लई घाण वास मारतोय म्हणाला. मामा वरून दोरीनं बादल्या ओढत होते. थोड्या वेळानं खालून आवाज आला, “आता वास गेला, मोकळं झालं.” पुढची बादली भरून आलीच नाही.

बरोबरचा पोरगा त्याला काढायला आत उडी घेणार होता. मामांनी त्याला कंबरेला धरून मागे ओढलं आणि सोडलं नाही.

“त्याला जाऊ दिला असता तर माझा नवरा वाचला असता, असं बहीण म्हनती. अजून नीट बोलत न्हाई माझ्यासंगं.”

चहावाल्यानं स्टोव्हचा आवाज कमी केला, किंवा मला तसं वाटलं.

पान 31 वर माझं वाक्य होतं, ‘उच्च संहतीस घ्राणसंवेदना क्षीण होते.’ ते मी वाचून दाखवलं नाही. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास अगदी थोडा गॅस असला तरी येतो. हवेच्या दहा लाख भागांत तो शंभराच्या आसपास गेला, की काही मिनिटांत नाक काम करेनासं होतं. गॅस वाढत असतो आणि माणसाला वाटतं हवा मोकळी झाली. शिवाय तो हवेपेक्षा जड, म्हणजे तळाशी बसणार. गाळ ढवळला की आत अडकलेला आणखी वर येतो, म्हणून उतरण्यापूर्वी एकदा मोजून भागत नाही, आत माणूस असेपर्यंत मोजत राहावं लागतं. हे सगळं पुस्तिकेत होतं. ‘संहती’ आणि ‘क्षीण’च्या आड होतं.

मी वही उघडली. मामा, तुम्ही या जागेला काय म्हणाल?

बराच काथ्याकूट झाला. कोणी ‘खोल जागा’ म्हणालं, पण आडवी टाकी फार खोल नसते. कोणी ‘गॅसची जागा’ म्हणालं, पण प्राणवायू कमी असला तर गॅस नसतानाही माणूस पडतो. साध्या हवेत तो 20.9 टक्के असतो, 19.5 च्या खाली गेला तर उतरायचं नाही, असं अधिकाऱ्यानं समजावलं. शेवटी मामाच म्हणाले, “जिथं वारा खेळत न्हाई, ती जागा. झाकण उघडं असू दे न्हाईतर बंद.”

पुढचं तासभर काम भराभर झालं. वर थांबून लक्ष ठेवणाऱ्याला मी ‘परिचर’ केलं होतं, तो ‘वरचा माणूस’ झाला. ‘प्रवेश परवाना’ त्यांना कंत्राटदाराचं लायसन्स वाटत होता, त्याची ‘उतरायची चिठ्ठी’ झाली. अधिभाराच्या जागी ‘लाइन फुल्ल’. पान 31 वर आता असं आहे: ‘वास अचानक गेला तर गॅस गेला असं समजू नका. तुमचं नाक बधिर झालंय. लगेच वर या.’

‘मनुष्य प्रवेशिका’ हा शब्द मी अधिकाऱ्याकडे पाहत वाचला. मॅनहोलचं हे छापील मराठी नाव माणसाला आत बोलावतं, आणि हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणारा 2013 चा कायदा त्याला आत जाऊ नको म्हणतो. 2023 च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात ‘मॅनहोल’कडून ‘मशिन-होल’कडे जायची घोषणा झाली ती त्याचसाठी. त्या कायद्यातली ‘धोकादायक सफाई’ची व्याख्या मला फार आवडते. मालकानं संरक्षक साधनं, यंत्रं आणि खबरदारीची जबाबदारी पार न पाडता माणसाच्या हातानं करवून घेतलेली सफाई, ती धोकादायक. म्हणजे कायदा धोका गॅसमध्ये शोधत नाही, मालकाच्या कसुरीत शोधतो. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माणूस गेला तर भरपाई 30 लाख, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2023 मध्ये ठरवलं. हा आकडा वाचला तेव्हा एकानं विचारलं, “हे आमच्या पुस्तकात छापणार?” अधिकारी म्हणाला, छापणार. तिथे त्याची मान जरा ताठ झाल्यासारखी दिसली.

आठवड्यानं मसुदा कंपनीच्या सल्लागारांकडून परत आला. ‘वारा खेळत नाही अशी जागा’ या शब्दांभोवती लाल गोल आणि समासात शेरा: ‘काव्यात्मक. बदलावे.’ निविदेत बंदिस्त जागा आहे, कायदेशीर कागदांत तेच आहे, उद्या काही झालं तर शब्द जुळले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. दोन दिवस फोनाफोनी झाली. शेवटी पहिल्या पानावर एकदाच व्याख्या आली: ‘बंदिस्त जागा म्हणजे जिथे वारा खेळत नाही अशी कोणतीही जागा, झाकण उघडं असलं तरी.’ पुढे सगळीकडे मामांचे शब्द. चाळीस ठिकाणी दुरुस्ती केली, तिचे पैसे मागितले नाहीत.

पुस्तिका जूनमध्ये छापून आली. पाऊस सुरू झाला होता. एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला, मागे गाडीचा घुर्रर्र आवाज.

“ताई, मामा बोलतोय. नातवानं वाचून दावलं. शब्द बरोबर हायेत.” मग जरा थांबून, “पण चित्रातला वरचा मानूस खाली बघतच न्हाई. मोबाइल बघतोय.”

मी प्रत काढून पाहिली. पिवळं हेल्मेट घातलेला माणूस चेंबरच्या काठाशी उभा होता आणि हातातल्या वॉकीटॉकीकडे मान घालून बघत होता. चित्राचा नि माझा काही संबंध नव्हता. तरी चित्रकाराचा नंबर मागायला मी अधिकाऱ्याला फोन लावला.