ओह, ओन्ली जेल

"तुमच्याकडे कुठल्या रायटरला गोळी घातली?" आतेनं (आत्या नव्हे, माझी फिलिपिनो सोबतीण; त्यांच्यात ताईला 'आते' म्हणतात) आज तव्यावर तुयो, म्हणजे त्यांची सुकी मासळी, उलटता उलटता विचारलं, अगदी सहज. मी बोंबील भिजत घालत होते. म्हटलं टिळकांना १९०८ला सहा वर्षं मंडालेला धाडलं होतं, लेखांवरूनच. "ओह, ओन्ली जेल," ती म्हणाली आणि एक्झॉस्ट वाढवला, कारण आमच्या मासळीवरून वरची बाई आधीच बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहून बसलीय.

तेव्हापासून ते "ओन्ली" डोक्यातून जात नाहीये.

विषय निघाला होता आमच्या शेगडीवरून, ती पेटेना. त्यावरून त्यांच्या लेखक रिसालचा स्टो. आपल्याला आग्र्याचे पेटारे पाठ असतात तसा तिला तो पाठ आहे. ३० डिसेंबर १८९६, मनिला, स्पॅनिश सरकारनं होसे रिसालला गोळ्या घातल्या तेव्हा तो ३५चा होता, डोळ्यांचा डॉक्टर. निरोप घ्यायला आलेल्या बहिणीला म्हणाला हा स्पिरिटचा स्टो घरी ने, आणि पहारेकऱ्यांना कळू नये म्हणून हळूच इंग्रजीत, आत काहीतरी आहे. आत कविता, शीर्षक नाही, सही नाही. कागदोपत्री गुन्हा बंडाचा, पण खरा राग दोन कादंबऱ्यांचा, त्यातही 'नोली मे तांगेरे'चा, जिच्यात त्यानं पाद्र्यांची लक्तरं काढली होती. छपाईला पैसे नव्हते, मित्रानं ३०० पेसो दिले तेव्हा कुठे १८८७ला बर्लिनमध्ये २००० प्रती निघाल्या.

आणि मी काय सांगणार? इथे मस्कतला मराठी बोलायचं ते फोनवर, पुस्तकं आणायची ती बॅगेत लोणच्यापापडातून जागा उरली तर. शेगडीपाशी उभं राहून परक्या माणसाला सांगावी अशी एक गोष्ट मला सुचू नये? दाभोलकरांचं नाव ओठावर आलं होतं. नाही बोलले. तिच्या प्रश्नात ते बसत नव्हतं, किंवा फारच बसत होतं. जाऊ दे.

जेवताना मात्र मी जरा खवचटपणेच विचारलं, की तू वाचलंयस का गं ते? तर फिदीफिदी हसली. १९५६चा कायदा आहे म्हणे, रिसाल सगळ्या कॉलेजांत शिकवायचाच, चर्चनं जोरदार विरोध केला तरी झाला. तो लिहायचा स्पॅनिशमध्ये आणि हिचं स्पॅनिश भाजीवाल्याच्या आकड्यांपुरतं, म्हणजे अनुवाद, तोही गाइडमधून, परीक्षेपुरता. "सो बोरिंग!" मग कोण आवडतं? लुआल्हाती बाउतिस्ता. आणि मग तिची कादंबरी 'डेकाडा ७०' अशी काही सांगत सुटली की भात गार झाला. हुकूमशहा मार्कोसच्या मार्शल लॉमधलं घर, पाच मुलगे, आणि त्यांची आई, जिला घरात कुणी मत विचारत नाही आणि मग एकेक मुलगा पोळत जातो तशी ती बोलायला लागते. टॅगलॉगमध्ये लिहिलेलं, साधं, आपल्या बायका बोलतात तसं. म्हटलं बये, हिच्यापासून सुरुवात का नाही केलीस? तर म्हणे हिच्या नावाची सुट्टी नसते ना.

घ्या. म्हणजे मी मगाचपासून जळत होते ती कुणावर, तर लेखक मारला गेला त्या दिवसाची सुट्टी मॉलमध्ये घालवणाऱ्यांवर. आपण २७ फेब्रुवारीला बिनसुट्टीचे फॉरवर्ड तरी करतो.

झोप येईना म्हणून मग आतेनं उल्लेख केलेला तो त्यांचा लेखक निक वाकिन शोधला. आपल्याला मनिला म्हणजे मॅगसेसे, बाबा आमटे, प्रकाशभाऊ-मंदाताई. यालाही तो १९९६ला मिळालाय. पण मला आवडला तो १९७६चा किस्सा. मार्कोस सरकार राष्ट्रीय कलावंत किताब देत होतं, तर हा म्हणाला घेतो, पण तुरुंगातल्या त्या कवीला, लाकाबाला, सोडा. सोडलं! आतेला सकाळी सांगणारे मी हे, ओन्ली जेलवाल्यांचीही गोष्ट होते म्हणून.

डिसेंबरात ती घरी जातेय, लुआल्हातीचं पुस्तक आणून मला अर्थ सांगत सांगत वाचून दाखवणार. पाचही मुलांची नावं पाठ करून घेणार म्हणाली, मध्येच विचारीन. स्वतः गाइडवर पास झालेली बाई.